पाटी नसलेलं दुकान आणि अकरा टाइल्स

भद्रकालीतल्या या दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव विचारू नका. बाहेर पाळण्याची एक गंजकी कडी, दोन काळ्या पडलेल्या समया आणि उलटा घातलेला मोठा रांजण दिसला की तेच दुकान. रांजणावर बहुतेक वेळा एक बोका बसलेला असतो. चारचाकी आणू नका. मी पहिल्यांदा जावयाची गाडी नेली, ती मागे घेताना अर्धा तास गेला आणि तेवढ्या वेळात बोळातल्या लहानथोर सगळ्यांनी मला मार्गदर्शन केलं. शालिमारला रिक्षा सोडा आणि चालत जा. शुक्रवारी दुपारी नमाजची वेळ असते, तेव्हा शटर खाली असतं. बुधवारी दुकानाचे मालक, चाचा, सकाळी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात फेरी मारून येतात, म्हणून बुधवारी चारनंतर गेलात तर ताजा माल दिसतो. ताजा म्हणजे अर्थात साठ-सत्तर वर्षांचा.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कितपत मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. एकतीस वर्षं छापलेले कागद तपासले. रेघ सरकली का, शाई पसरली का, आकडा बसला का, एवढंच बघायचं. ती खोड जात नाही. पोळीसुद्धा मी उजेडात धरून बघतो, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. थोडक्यात, दोष शोधण्यात माझा कोणी हात धरणार नाही, अशी माझी समजूत होती. ती या दुकानात दुसऱ्याच भेटीत उतरली.

चार वर्षांपूर्वी मी गेलो होतो फक्त एका झाकणासाठी. आईची लोणच्याची बरणी, वर तपकिरी, खाली पांढरट, पाचेक किलोची. झाकण कधीच फुटलेलं, त्यावर वाटी पालथी घालून दादरा बांधायचो. चाचांना म्हटलं, अशा बरणीचं झाकण आहे का?

"झाकणं पन्नास आहेत, साहेब. तुमच्या बरणीचं त्यात नसणार."

मला वाटलं, किंमत वाढवायची पूर्वतयारी. पण मग त्यांनी समजावून सांगितलं. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहा इंचाची वस्तू भट्टीतून नऊ इंचाची होऊन निघते. भट्टीत कुठे आच जास्त, कुठे कमी, त्यामुळे एकाच साच्याच्या दोन बरण्यांची तोंडंसुद्धा सारखी येत नाहीत. झाकण बरणीवर बसवून बघायचं असतं, माप सांगून ते मिळत नाही. "बरणी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी जेलरोडवरून सिटीलिंकच्या बसमध्ये बरणी मांडीवर घेऊन निघालो. कंडक्टरने विचारलं, काका, लोणचं का? म्हटलं, रिकामी आहे. त्याचा चेहरा पडला.

चाचांनी बरणी हातात घेतली, झाकणाकडे बघितलंही नाही. डाव्या हाताच्या तळव्यावर तोलली, उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. टप्प. मग शेजारची दुसरी बरणी घेतली, टिचकी मारली. टण्ण, आणि तो आवाज जरा रेंगाळला. "ही बोलते," ते म्हणाले, "तुमची बोलत नाही. हिला चीर आहे." मी चष्मा लावून, मोबाइलची बॅटरी आत सोडून बघितलं, काही दिसेना. त्यांनी बरणी पालथी केली आणि बुडाच्या कडेला नखाने एक पांढरी बुरशीसारखी रेघ खरवडली. "चाखा." खारट! बुरशी नव्हतीच, मीठ होतं. आत केसाएवढी चीर, तिच्यातून लोणच्याचा खार वर्षानुवर्षं झिरपत बुडाशी येऊन वाळत होता. आई दर पावसाळ्यात म्हणायची, "बरणी घामेजते रे." आम्ही बरणीखाली ताटली ठेवायचो. एकतीस वर्षं तपासणी करणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट.

झाकण त्यांनी शोधून दिलं, चाळीस रुपयांत, बरणीवर बसवून, फिरवून. आणि वर सांगितलं, "लोणचं नका घालू आता. तांदूळ ठेवा, डाळ ठेवा. चिरेत जुना खार आहे, दहा-बारा दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, नाहीतर मीठ फुगून झिलईचा टवका उडवेल." चाळीस रुपयांच्या गिऱ्हाइकाला एवढं कोण सांगतं? मी तिथेच अडकलो. आता घरात चौदा बरण्या, एक खापर, बशी नसलेले सहा कप आणि कप नसलेल्या नऊ बशा आहेत.

मालाबद्दल बोलतो. बरण्यांचा ढीग मोठा आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सौराष्ट्रातल्या, मोरबी, वांकानेर, थानगड या पट्ट्यातल्या. बूड उलटं करून बघा, काहींवर परशुराम पॉटरीचा शिक्का मिळतो. हा कारखाना काढणारे परशुराम गणपुळे आपले मराठी गृहस्थ. मोरबी म्हटलं की हल्ली सगळ्यांना टाइल्स आठवतात, आमच्या आयांना मात्र तिकडची बरणी ठाऊक होती. ग्वाल्हेर आणि बेंगॉल पॉटरीजचे कप-बशा येतात, खुर्जाचा माल येतो. क्वचित मास्ट्रिख्टच्या पेट्रस रेगू कारखान्याचा वाडगा येतो, बुडाला स्फिंक्सचं चित्र असलेला. हॉलंडचा माल नाशिकच्या कोणाच्या माळ्यावर कसा आला, याचा विचार करत बसलं की संध्याकाळ जाते.

तपकिरी-पांढरी बरणी हातात घेतलीत तर दोन रंग जिथे भेटतात तिथे बघा. एक बोटभर पट्टा जरा जाड लागतो. बरणी एका बाजूने तपकिरी झिलईत आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या झिलईत बुडवतात, त्या पट्ट्यात दोन्ही एकावर एक चढतात. हल्ली शोभेसाठी निघालेल्या काही बरण्यांवर हा रंग नुसता फवारलेला असतो, तिथे बोटाला काहीच लागत नाही. बुडाची कड मात्र कोरी हवी, कारण झिलई लागलेलं बूड भट्टीच्या फळीला चिकटून बसतं. बूडसुद्धा गुळगुळीत चकचकीत असेल तर भट्टीत ती कशावर उभी केली होती ते विचारा.

दुसरा एक प्रकार आहे, सगळीकडून मातकट तपकिरी आणि अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. जुन्या ॲसिडच्या बरण्या बहुतेक अशा असायच्या. ही मिठाची झिलई. भट्टी बाराशे अंशांच्या वर तापली की वरून साधं मीठ टाकायचं, त्याची वाफ होते, त्यातला सोडियम मातीतल्या वाळूच्या अंशाला लागतो आणि बरणीच्या अंगावरच काच तयार होते. म्हणजे ज्या मिठाने आईची बरणी पोखरली, तेच मीठ दुसऱ्या बरणीचं चिलखत झालं. हे मला चाचांनी सांगितलं, मी नंतर वाचून खात्री करून घेतली. त्यांचं बरोबर निघालं.

एक इशारा. रंगीबेरंगी, भडक लकाकीचे जुने वाडगे घेतलेत तर त्यात दही, लोणचं, कोकम काही ठेवू नका. तशा झिलईत शिसं असायचं आणि आंबटाने ते सुटतं. चाचा स्वतः सांगतात, पण दुकानात त्यांचा भाचा बसला असेल तर सांगत नाही. तो मोबाइलमध्ये असतो.

दर माझ्या खरेदीवरून सांगतो. दोन किलोची धड बरणी साडेचारशे, पाच किलोची हजारच्या आसपास, मोठी दहा किलोची मी अठराशेला घेतली. झाकण मूळचं असेल तर दोनशे जास्त. टवका असेल तर ते आपणहून कमी करतात आणि तो टवका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतात. घासाघीस चालते, पण एकदाच. दुसऱ्यांदा कमी करायला सांगितलंत तर ते बोक्याशी बोलायला लागतात.

खापराचा किस्सा सांगायलाच हवा. आमची ही मूळची मालेगावकडची, तिच्या माहेरी अक्षय्य तृतीयेला खापरावर मांडे व्हायचे. चाचांकडे एक वापरातलं, काळंभोर, तेल पिऊन गुळगुळीत झालेलं खापर आलं. मी म्हटलं, भिंतीवर टांगू, छान दिसेल. ही म्हणाली, "भिंतीवर टांगायला तुमचा फोटो आहे की पुढेमागे." खापर चुलीवर गेलं. पहिले तीन मांडे चिकटले, चौथा उलगडला. त्या दिवसापासून घरात माझ्या संग्रहाला संग्रह म्हणत नाहीत, भांडी म्हणतात.

आता टाइल्स. खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसलो.

जुन्या नाशकातले वाडे एकेक करून उतरतायत. लाकूड एकाकडे जातं, दगड दुसऱ्याकडे, कौलं तिसऱ्याकडे. चाचांकडे मंगलोरी कौलंही येतात, बासेल मिशनचा शिक्का असलेली. ती मिशनऱ्यांची फॅक्टरी मंगलोरात १८६५ साली सुरू झाली. तसं एक कौल मी गॅलरीत पालथं घालून त्यावर कोरफडीची कुंडी ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी तिवंध्याच्या बाजूचा एक वाडा पडला आणि त्यातून एक पत्र्याची पेटी आली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा इंची टाइल्स. मध्ये गुलाबाची कळी, उठावाची, चारी कोपऱ्यांना हिरवी वळणदार पानं.

एक टाइल मी दारात उजेडाला धरली. ती नुसती रंगवलेली नव्हती. साच्यात दाबून नक्षी वर उचललेली आणि त्यावर पातळ रंगीत काच ओतलेली. पाकळीच्या कडेवर ती काच ओघळून विरळ झाली होती, म्हणून कड फिकी, आणि खोलगट भागात साचून गडद. एकाच गुलाबी रंगाच्या चार छटा, त्याही कुंचल्याशिवाय. प्रेसमध्ये एक रंग फिका-गडद करायला आम्ही रेघांची दाटी कमी-जास्त करायचो. इथे ते काम काचेच्या जाडीने केलेलं. पाठीवर चुन्याचा थर, तो जरा झाडला तर खाली उठावाची अक्षरं निघाली, मेड इन जपान.

जपानने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलायती टाइल्स बघून हा माल काढला. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल तुटला तसं त्यांचं फावलं, आणि वीस-तीसच्या दशकांत या टाइल्स बोटी भरभरून हिंदुस्थानात आल्या. इथलं गिऱ्हाईक ओळखून त्यांनी कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती, गणपतीसुद्धा काढले, आपल्याकडच्या देवांच्या छापील चित्रांवरून. चेट्टिनाडच्या घरांत, गुजरात-राजस्थानच्या हवेल्यांत त्या अजून दिसतात. पाठीवरची अक्षरं काळ सांगतात. अमेरिकेच्या आयात-नियमामुळे १९२१ पर्यंत जपानी मालावर 'निप्पॉन' असायचं, पुढे 'जपान' आलं. हा नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाचा, तेव्हा आपल्याकडच्या टाइलला तो तंतोतंत लागू करता येत नाही, पण अंदाजाला पुरतो.

चाचांना म्हटलं, किती आहेत? "बारा. तुम्ही अकरा घ्या." का? त्यांनी बारावी काढली आणि टिचकी मारली. टप्प. मधोमध तुटलेली, कोणीतरी चिकटवून वर रंग लावलेला. दोन पावलांवरून मलाही कळलं नसतं. तीनशे रुपयांची एक टाइल गुपचूप खपली असती. अकरांचे तेहतीसशे झाले, मी तीन हजार म्हटलं, त्यांनी एकतीसशे घेतले आणि बारावी फडक्यात गुंडाळून परत पेटीत टाकली.

अकरा टाइल्सचं करायचं काय? आमच्या स्वयंपाकघरात माठाची जागा आहे, कोनाडाच म्हणा. माठ झिरपतो म्हणून तर पाणी गार होतं, पण त्या ओलीने मागच्या भिंतीचा रंग दरवर्षी पोपडे धरतो. तिथे पांढऱ्या टाइल्स आणि त्यावर या गुलाबांची ओळ, असं ठरलं.

पांढऱ्यांसाठी आधी मी शहाणपणा करून एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. नाव लिहीत नाही. मला हव्या होत्या सहा बाय सहाच्या साध्या पांढऱ्या. ते म्हणाले, हा साइज कोण वापरतं काका, बारा-अठरा घ्या, किंवा हा 'अँटिक लुक' घ्या. अँटिक लुक म्हणजे डिजिटल छपाई. एका टाइलवर जुनी झिजलेली नक्षी, कोपऱ्यात मुद्दाम दाखवलेला टवका. मी सहा टाइल्स ओळीने मांडायला सांगितल्या. सहापैकी तीनवर तोच टवका, त्याच जागी. सेल्समनला दाखवलं तर म्हणाला, "असं कोणी बघत नाही." मी आयुष्यभर तेच बघून पगार घेतला रे बाबा. तरी ओट्याखाली लावायला तिथून साध्या क्रीम रंगाच्या चार पेट्या घेतल्या. घरी आल्यावर कळलं, तीन पेट्यांवर एक शेड नंबर आणि चौथीवर वेगळा. लावल्यावर उन्हात पट्टा उठून दिसतो. पेटीवरचा बॅच आणि शेड नंबर दुकानातच जुळवून घ्या. मी जुळवला नाही, कारण मी टवके मोजण्यात गर्क होतो.

पांढऱ्या शेवटी चाचांनीच मिळवून दिल्या. नाशिकरोडकडच्या एका पाडलेल्या बंगल्याच्या न्हाणीतल्या, पाठीवर जॉन्सन लिहिलेलं, तीस नग, पंधरा रुपयांना एक. त्यात दोन सिमेंटच्या निघाल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि फरक दाखवला. सिमेंटच्या टाइलची तुटकी कड बघितली की रंगाचा थर चांगला दोन-तीन मिलिमीटर खोल दिसतो, आणि ती भट्टीत जात नाही, दाबून, पाण्यात मुरवून होते. भाजलेल्या टाइलवर रंग म्हणजे नुसती पापुद्र्यासारखी काच. सिमेंटच्या नक्षीदार टाइल्समध्ये भारत टाइल्सचं नाव मोठं. १९२२ साली स्वदेशीच्या भरात सिधवा या पारशी कुटुंबाने तो कारखाना काढला. नाशकातल्या वाड्यांच्या, बंगल्यांच्या ओसऱ्यांवर नक्षीदार फरशी दिसली की लोक सरसकट 'इटालियन' म्हणतात. कड बघा आणि मग म्हणा.

लावण्याच्या कामाचंही लिहितो, कारण चाचांनी मिस्त्रीही सुचवला होता आणि मी तो आधी घेतला नाही. जवळचा एक कारागीर बोलावला. त्याने पाठीचा चुना काढायला माझी नजर चुकवून ॲसिड वापरलं आणि ते एका टाइलच्या तोंडावर ओघळलं. गुलाबाच्या डाव्या पाकळीची लकाकी गेली ती गेलीच, आता तिथे बोट फिरवलं तर खडूसारखं लागतं. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायचं ॲसिड जुन्या झिलईला खातं. त्याला चहा पाजून घरी पाठवला.

मग चाचांचा मिस्त्री आला, सिन्नरकडचा, साठीच्या पुढचा, हळू बोलणारा. आल्या आल्या त्याने टाइल्सना हात लावला नाही, भिंतीला लावला. "काका, आधी ही भिंत वाळू द्या. ओल्या भिंतीत ही टाइल पाणी पिणार आणि वर्षात तोंडावर मीठ आणणार." पोपडे खरवडले, पंधरा दिवस माठ दुसरीकडे ठेवायला लावला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. चुना त्याने टाइल्स रात्रभर पाण्यात भिजवून, लाकडी खुंटीने हलके हलके काढला. म्हणाला, चुन्यात बसवलेली टाइल सुटते, सिमेंटात बसवलेली फुटते. तुमच्या वाडेवाल्याचे उपकार माना.

अकराच्या अकरा टाइल्सची जाडी वेगळी होती, एका टोकाला नऊ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला अकरा. नव्या टाइलसारखा सपाट मसाला ओढून त्या बसत नाहीत. त्याने ओट्यावर कागद अंथरून आधी सगळी ओळ कोरडी मांडली, प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने आकडा टाकला, आणि एकेक टाइल खाली कमी-जास्त मसाला घेऊन, लाकडाच्या ठोकळ्याने ठोकत लेव्हलला आणली. ओळंबा दर दोन टाइल्सला. तो आकडा टाकताना मला प्रेसची आठवण झाली, पण मी बोललो नाही, कारण तो ठोकत असताना कोणी बोललेलं त्याला चालत नाही. सांधा दोन मिलिमीटरचा, ग्राउट पांढरं नको म्हणाला, राखाडी घ्या, जुन्या पांढऱ्याशेजारी नवं पांढरं नाकात मोती घातल्यासारखं दिसतं. ॲसिड लागलेली टाइल त्याने माठाच्या बरोबर मागे घेतली. माठ ठेवला की दिसत नाही. अकरा नगांना आणि अठ्ठावीस पांढऱ्यांना मिळून दोन दिवस, मजुरी तीन हजार सहाशे. महाग वाटेल. मला वाटलं नाही.

तक्रारी आहेत. बिल मिळत नाही. ऑनलाइन पैसे घेतात ते भाच्याच्या नंबरवर, आणि भाचा नसेल तर रोखच. धूळ इतकी की दम्याच्या माणसाने आत जाऊ नये. २०१६ च्या ऑगस्टात पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्याखाली गेले, तेव्हा त्यांचं तिकडचं गोदाम बुडालं. चाचा सांगतात, बंद झाकणाच्या बरण्या तरंगत होत्या आणि त्यातली एकही फुटली नाही, गेली ती सगळी कागदं आणि लाकूड. मातीच्या वस्तूंना तेव्हापासून चढलेला गाळाचा पापुद्रा अजून तसाच आहे. घरी नेऊन धुवा. आणि एक जरा मोठी तक्रार. मी एक निळ्या पानांची बशी बाजूला ठेवायला सांगितली होती, पुढच्या बुधवारी गेलो तर ती भाच्याने कुठल्याशा कॅफे सजवणाऱ्याला विकलेली. चाचांनी भाच्याला माझ्यासमोर झापलं, मला बरं वाटलं, पण बशी काही आली नाही.

हे सगळं असूनही एक गोष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यानंतर एक तरुण प्लॅस्टिकच्या पिशवीत खापऱ्या घेऊन दुकानात आला. लाल, पातळ, त्यावर काळ्या रेघा. गंगेकाठच्या गढीखाली सापडल्या म्हणाला. मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं होतं, आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावातही. लाल अंगावर काळी नक्षी असलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांना आज सगळीकडे 'जोर्वे' म्हणतात ते त्यावरून. पिशवीतलं तसलं होतं की साधं मडकं, मला ओळखता येत नाही. चाचांनी पिशवीत हात घातला नाही. "बेटा, हे माझं काम नाही. सरकारवाड्यात दे." तिथे पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा आहे, आणि जमिनीतून निघालेलं विकायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं माहीत आहे. मुलगा पुटपुटत गेला. सरकारवाड्यात गेला की नाही देव जाणे.

पाचपैकी चार. एक कापला तो बिलाचा आणि बशीचा मिळून.

आमच्या माठामागे अजून एक जागा अडली आहे. ओळ बाराची आखली होती, डाव्या टोकाला सध्या साधी पांढरी बसवली आहे, मिस्त्रीने मुद्दाम तिथे मसाला कमी घेतलाय, म्हणजे काढता येईल. चाचा म्हणतात, त्या वाड्याचा दुसरा माळा अजून उतरायचाय. तेव्हा बुधवारी गेलात आणि ती पत्र्याची पेटी उघडी दिसली, तर बघा जरूर. पण गुलाबाची कळी, हिरव्या पानांचे कोपरे, सहा इंची, आणि टिचकी मारल्यावर टण्ण बोलणारी असेल, तर तिला हात लावू नका. ती माझी आहे.